आजींच्या उशाखालच्या पुड्या

डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट दोनदा वाचला. मग चष्मा काढून विचारलं, "ह्यांना व्हिटॅमिन डीची पुडी किती देता?"

"आठवड्यातनं एक. सोमवारी," आजींची सून, आमच्या वहिनी, म्हणाल्या. "मावशीच देतात. विचारा की त्यांना."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी कॉटच्या पायथ्याशी उभी होते.

मी घरोघर आया पुरवणाऱ्या ब्युरोतर्फे म्हाताऱ्या पेशंटची देखभाल करते. आंघोळ घालणं, भरवणं, गोळ्या देणं, धरून चालवणं. ड्युटी सकाळी आठ ते रात्री आठ. माझी शाळा चौथीपर्यंतच झाली. मराठी वाचता येतं, औषधावरचं इंग्रजी येत नाही. म्हणून वहिनी डब्यावर वार लिहून ठेवतात आणि मी तसं देते.

आजी हातकणंगल्याकडच्या. सगळा जन्म शेतात, उन्हात गेला. पाच वर्षांपूर्वी मुलानं त्यांना कोल्हापुरात तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आणलं. तिथं ऊन गॅलरीच्या ग्रीलपर्यंतच येतं. गेल्या वर्षी दुधाचं पातेलं उतरवताना त्यांचं मनगट मोडलं. पडल्या नाहीत, कुठं आपटल्या नाहीत. नुसतं पातेलं उचललं.

दादांना, म्हणजे त्यांच्या मुलाला, पटेना. "घरच्या म्हशीचं दूध पिलेली बाई. तिचं हाड असं कसं मोडतंय?"

तेव्हा डॉक्टरांनी समजावलं होतं. दुधात कॅल्शियम असतं, पण ते अंगी लागायला व्हिटॅमिन डी लागतं. ते अंगावर ऊन पडल्यावर कातडीत तयार होतं. घरात बसून राहिलं तर कमी पडतं आणि हाडं ठिसूळ होतात. आजींचं फारच कमी होतं. म्हणून रोजच्या कॅल्शियमच्या गोळ्या आणि ह्या पुड्या लिहून दिल्या. एका पुडीत पुऱ्या आठवड्याचा डोस.

आजींना शुगर आहे. घरात त्यांना गोड बंद. पुडी दुधात ढवळली की मात्र दूध गोड लागायचं. सोमवारी त्या सकाळपासून विचारायच्या, "दूध तापलं का गं?"

आमच्याकडं आजारी माणसाला भेटायला रिकाम्या हातानं कुणी येत नाही. पण आजींना पेढे चालत नाहीत, केळी चालत नाहीत. मग आणायचं काय? हुपरीला दिलेली लेक एकदा पुड्यांचा डबाच घेऊन आली. "ताकदीचं हाय. आईला आवडतंय बी." तिचं बघून आजींच्या जावेनं आणला. उचगावच्या भाचीनं दोन आणले. मोबाईलमधला डॉक्टरांच्या जुन्या चिठ्ठीचा फोटो दाखवला की मेडिकलवाला देत होता. पाहुणे यायचे दुपारी. वहिनी शाळेत शिक्षिका, दादा ऑफिसात. डबे आजींच्या कापडी पिशवीत जायचे आणि पिशवी उशाखाली.

एकदा मी कपडे वाळत घालून आत आले, तर आजी तळहातावरची पूड चाटत होत्या.

"आजी, आज बुधवार हाय."

"मग? बुधवारी हाडं नसत्यात व्हय?"

"वहिनींना इचारते."

"इचार की. ती कुलूप लावंल आनि तुला बी घरी धाडंल. ताकदीचं हाय, इख न्हाय."

वहिनींना मी सांगितलं नाही. त्यांचा मोडलेला हात बघितला, मनात म्हटलं, जास्त ताकद आली तर बिघडलं काय. आणि चांगल्या शिकलेल्या माणसांच्या घरात मी काय सांगणार?

तीन-चार महिने गेले. मग आजींना तहान लागायला लागली. तांब्यावर तांब्या पाणी. रात्रंदिवस लघवी. पोट साफ होईना, जेवण उलटून पडायला लागलं. एका सकाळी त्यांनी मला हाक मारली ती मेलेल्या बहिणीच्या नावानं. दादा म्हणाले, "वय झालं." दोन दिवसांनी त्या डोळेच उघडेनात. मग दवाखाना.

डॉक्टर परत म्हणाले, "कॅल्शियम एवढं वाढलंय की किडनीवर आलंय. आठवड्याला एका पुडीनं असं होत नाही. खरं सांगा."

आजींची पिशवी माझ्याच खांद्याला होती. बेशुद्धीतही त्यांनी ती मुठीत धरली होती, म्हणून मी सोबत आणली होती. मी ती टेबलावर पालथी केली. चार नवे डबे पडले. आणि रिकाम्या पुड्या. कचऱ्यात कुणाला दिसू नयेत म्हणून त्यांनी एकेक घडी घालून ठेवली होती. टेबल भरलं, काही खाली पडल्या. वहिनींनी तोंडावर हात ठेवला.

"एवढ्या?" दादा म्हणाले. "मावशी, तुम्हाला म्हाईत होतं?"

"व्हय," मी म्हणाले. "मी बघितलं हुतं. बोलले न्हाय."

"हाडाच्या औषधानं माणूस मरतंय?" त्यांनी डॉक्टरांना विचारलं.

"मरू शकतं. हे जादा झालं तर लघवीतून निघून जात नाही, चरबीत साठतं. मग रक्तात कॅल्शियम वाढत राहतं. मेंदू, किडनी, सगळ्यावर ताण. आता आठवडाभर सलाईन. किडनी धरते का बघू."

मी खाली पडलेल्या पुड्या वेचायला लागले. जी पूड मला नुसती ताकद वाटली, ती त्यांच्या अंगात विषासारखी साठत होती. आणि मला ते थांबवायला एक वाक्य पुरलं असतं.

किडनी धरली. नवव्या दिवशी आजींनी मला माझ्या नावानं हाक मारली. पुड्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या डॉक्टरांनी बंद केल्या. मला काढून टाका म्हणून दादा ब्युरोला फोन करणार होते. वहिनींनी थांबवलं. म्हणाल्या, "मी त्याच घरात राहते. चादर मी बदलते. मला तरी कुठं दिसलं?"

आता रविवारी बदलीवर दुसऱ्या घरी गेले तरी मी आधी विचारते, पेशंटला भेटायला कोण येतं आणि पिशवीतून काय आणतं. डब्यावर वार लिहिलेला असून भागत नाही. विचारायला इंग्रजीही लागत नाही.

बाकीचे दिवस मी आजींकडंच. त्या बिनगोड दूध पितात आणि दर घोटाला माझ्याकडं बघतात.

"चार बुकं शिकलीस," त्या म्हणतात, "आनि माझं गोड तोडलंस."

"व्हय आजी," मी म्हणते, आणि पेला रिकामा होईपर्यंत तिथून हलत नाही.