पाच डब्यांतला एकच जंतू

त्या पाच रांगांनी माझं डोकं फिरवलं होतं. नव्वदच्या दशकात नवी मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत मी पीएच.डी. करत होते. क्षयाच्या जंतूत डीएनएचा एक तुकडा असतो. पिढ्या उलटता उलटता तो मधूनच उडी मारून दुसरीकडे जाऊन बसतो. तो कुठे कुठे बसलाय, त्याच्या काळ्या पट्ट्या एक्स-रे फिल्मवर उमटतात, दर नमुन्याची एक रांग. पट्ट्या जुळल्या तर जंतू सख्खे, नाहीतर दूरचे. कुणाचा आजार कुणाकडून आला, हे मला त्यावरून शोधायचं होतं.

कोपरखैरण्यात एका खोलीत मार्केटात ओझी उचलणारे साताऱ्याकडचे पाच माथाडी राहत. त्यांतला एक जण आजारी पडला म्हणून दवाखान्यानं पाचांचीही थुंकी आमच्याकडे तपासायला पाठवली. पाचही डब्यांत जंतू सापडले, आणि पुढे पाचांच्या पट्ट्या हुबेहूब निघाल्या. मी हरखले. माझ्या मार्गदर्शक सरांनी फिल्म उजेडाकडे धरली आणि टेबलावर टाकली.

"पाचच्या पाच? तुमचा हात साफ नाही. एकाचं दुसऱ्यात सांडलंय. परत करा."

परत केलं. जपून ठेवलेल्या थुंकीतून जंतू पुन्हा वाढवायचे म्हणजे सहा आठवडे नुसतं नळ्यांकडे बघत बसायचं. निकाल तोच. सानपाड्याच्या एका रुग्णाचा नमुनाही त्याच दिवशी, याच हातांनी केला होता. त्याच्या पट्ट्या साफ वेगळ्या. मग माझा हात घाण कसा, असं मी विचारलं. सर म्हणाले, "परत करा." इतका संताप आला की मी जेवणाचा डबा न उघडताच घरी नेला.

शेवटी तणतणत ती खोलीच गाठली. दुपार होती, पाचही जण मार्केटातून परतले होते. डबे कसे भरले होते, एवढंच विचारलं. तेव्हा जो खोकून खोकून अंथरुणाला खिळला होता, तो आता चांगला अंगानं भरला होता. तोच हसत म्हणाला,

"ह्यास्नी पहाटं मार्केटात जायचं हुतं, म्याडम. मी घरीच हुतो, अन् बेडका बी मलाच लई पडायचा. मंग समद्यांचं डबं मीच भरलं."

माथाड्यांच्या टोळीत एखादा आला नाही तर त्याच्या वाटणीचं काम दुसऱ्यानं उचलायचं, हा त्यांचा रिवाज. तो त्यांनी थुंकीलाही लावला होता.

म्हणजे माझा हात साफ होता! हे सरांना कधी एकदा ऐकवते असं झालं. मी उठलेच, तर बाकीच्या चौघांतल्या एकानं फळीवरच्या गोळ्यांच्या पाच पुड्या दाखवल्या.

"पाच म्हैनं झालं, म्याडम. ह्या गोळ्यांनी लघवी लाल हुती, अन्नावरची वासनाच गेली. पन आमी एक बी गोळी चुकवली न्हाई."

डब्यांत जंतू असल्याच्या चिठ्ठ्या पाहूनच दवाखान्यानं पाचांना गोळ्या सुरू केल्या होत्या. त्या चिठ्ठ्यांवर सही माझी होती.