गोमाजींच्या देवाचा शेंदूर

हे मी बायकोपाशीही बोललेलो नाही. तिच्यापासून दुसरं काहीच लपवलेलं नाही — हे एवढंच.

नागपूरच्या एका संग्रहालयात मी जुन्या वस्तूंच्या जतनाचं काम करायचो. गंज काढायचा, कीड मारायची, तडे बुजवायचे. सगळं मोजूनमापून. औषधाचा एक थेंब जास्त पडला तरी मला चैन पडत नसे.

सत्तरच्या दशकात एक गाव धरणाखाली जाणार होतं. तिथले म्हातारे गोमाजी वेशीवरचा देव ट्रकमधून घेऊन आले. नवी वसाहत होईपर्यंत तो आमच्या कोठारात राहणार होता. हातभर उंच, शेंदरानं फुगलेला. दर पोळ्याला शेंदराचा एक हात — आधी गोमाजींच्या आजाचा, मग बापाचा, मग त्यांचा स्वतःचा.

“त्याच्या अंगाले हात लावू नका, साहेब. रागीट नाही जी तो, पण परक्या माणसाले लाजते.”

“नाही लावणार,” मी म्हणालो.

तरी लावला. मला कोणी सांगितलं होतं का? नाही. वरिष्ठांना तर देव कोठारात असल्याची आठवणही नव्हती. कडेचा एक टवका उडाला होता, तिथं मी भिंग धरलं. थरावर थर. मोजले — एकशे बारा. तेवढ्यावर तरी थांबायचं ना? पण मला वाटलं, आत फार जुनी कोरीव मूर्ती असणार, आणि तिच्याबरोबर माझं नाव लागणार. धंतोलीतल्या दवाखान्यांच्या गल्लीतून ऑपरेशनची पाती आणली आणि खरवडत गेलो.

आत काय होतं? नाक नाही, डोळे नाहीत. नदीतला गोटा. जो काही देव होता तो शेंदरातच होता — आणि शेंदूर कापसाच्या बोळ्यांबरोबर कचऱ्यात गेला होता.

गोमाजी न्यायला आले. गोट्याकडे पाहत राहिले. “हा कोण होय?”

मी म्हणालो, “शेंदूर आपोआप गळून पडला.”

देवानं अंगावरचा शेंदूर आपणहून सोडला, तर गाव काय समजतं — हे मला ठाऊक नव्हतं? चांगलं ठाऊक होतं. म्हणूनच तर तसं म्हणालो.

त्यांना माझा संशयही आला नाही. ते खाली बसले आणि स्वतःच्या थोबाडीत मारून घेऊ लागले. गोट्याला म्हणाले, “माहीच चूक. परक्याच्या घरी काहून ठेवलं मी तुले?”

मग त्यांनी गळालेला शेंदूर मागितला. नदीत सोडायचा होता.

मी म्हणालो, परवा या. इतवारीच्या बाजारातून नवा शेंदूर आणला, तेलात कालवला, दिव्याखाली वाळवला. पापुद्रे पाडले, जुने दिसावेत म्हणून वर धूळ चोळली. माझ्या हातचं इतकं सफाईदार काम दुसरं नसेल.

गोमाजींनी त्या पापुद्र्यांची पुरचुंडी कपाळाला लावली. “गळालेलं बी सांभाळून ठेवलं तुम्ही,” म्हणाले, आणि माझ्या पाया पडले.

मी पाय मागे घेतले नाहीत.