घट्ट झालेलं पेडल

समोरासमोर मी नवऱ्याला अहो-जाहोच करते. लिहिताना मात्र ते आता जमत नाही, म्हणून इथे तो ‘तो’च राहील.

विजेवरची गाडी ही त्याची हौस. घेतली तेव्हा कॉलनीतल्या एकेकाला बसवून रंकाळ्याला चक्कर मारून आणली आणि प्रत्येकाला विचारलं, “आवाज येतोय का बघा की!” कुणी नाही म्हटलं की त्याची छाती फुगायची. कोल्हापुरात माणूस एकवेळ जेवण सोडील, पण ईर्ष्या सोडणार नाही. माझ्या भावाची मोठी डिझेल गाडी आहे. तिच्या धडधडीवरून तर यानं त्या बिचाऱ्याला बोलून बोलून बेजार केलं होतं. मलाही हे सगळं आवडायचं, खोटं कशाला सांगू.

पुढे तो स्कूटरनं कामाला जाऊ लागला. “तुला कागलच्या एमआयडीसीत लांब जावं लागतंय, गाडी तूच ने,” म्हणाला. बायकोवर किती जीव आहे बघा, असं मी मैत्रिणींना कौतुकानं सांगितलं.

गाडी हातात आली तेव्हापासूनच ब्रेकचं पेडल मला घट्ट लागत होतं. डॅशबोर्डवर एक पिवळा दिवाही लागलेला असायचा. मी दोन्ही त्याला सांगितलं. दिव्याचं उत्तर मिळालं, “सेन्सर बोंबललाय.” आणि पेडलचं, “पायात जोर न्हाई तुझ्या. इलेक्ट्रिकचं असंच असतंय.” अशा गाडीत पाय उचलला की ती आपसूक मंदावते, त्यामुळे रोजच्या वाटेवर निभावत होतं. मीही मान्य केलं की माझ्याच पायात जोर नसेल.

मग एका संध्याकाळी कामावरून परतताना वाटेत लेकीला तिच्या आत्याच्या घरून घेतलं. ती शेजारच्या सीटवर बसून शाळेतलं काहीतरी सांगत होती. पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर चालला होता, मागे ना दिवा ना लाल चिंधी. तो एकाएकी थांबला. मी ब्रेक दाबला आणि पाय भिंतीवर आपटावा तसा अडला. पेडल खाली जाईचना. सीटवरून उठून दोन्ही पायांनी त्याच्यावर उभी राहिले तेव्हा कुठे गाडी थांबली. ट्रॉलीतून बाहेर आलेली उसाची टोकं लेकीच्या समोरच्या काचेला टेकली होती. ती माझी ओढणी मुठीत घट्ट धरून बसली होती.

घरी आल्यावर त्यानं लेकीला जवळ घेतलं, पाणी दिलं, आणि मला म्हणाला, “तरी सांगत हुतो, जोरात दाबत जा.”

त्या वाक्यानं माझं डोकं फिरलं. कारखान्यात हवेच्या दाबावर चालणारी यंत्रं माझ्या देखरेखीखाली असतात. कुठली नळी गळते हे शोधण्यात माझी इतकी वर्षं गेली, आणि घरच्या गाडीबाबत मात्र मी गप्प बसले होते. सकाळ होताच किल्ली घेऊन खाली गेले.

पेट्रोलच्या गाडीत ब्रेक दाबताना इंजिनच्या ओढीची मदत मिळते. इथे इंजिनच नाही. म्हणून एक छोटा पंप नळीतून हवा ओढून घेतो आणि त्या पोकळीच्या जोरावर पेडल हलकं होतं. मी पेडल दाबून धरलं आणि गाडी चालू केली. पंप नीट असेल तर तो घर्र करतो आणि पेडल पायाखाली जरा बसतं. पेडल जागचं हललं नाही. आवाजही आला नाही. फ्यूज काढून पाहिला, तो शाबूत होता.

मग बॉनेट उघडलं. पंपाचा प्लग काढून बाजूला ठेवलेला होता. तोंडाला काळी टेप गुंडाळलेली, आणि टेपचं टोक आत दुमडलेलं. आमच्या घरात टेपचं टोक असं एकच माणूस दुमडतो, पुन्हा सोडवताना नखानं खरवडावं लागू नये म्हणून. चिवड्याची पाकिटंही तो तशीच बंद करतो. मी तिथेच गाडीला टेकून उभी राहिले.

वर जाऊन विचारलं, “अहो, पंपाचा प्लग तुम्ही काढला?”

त्यानं आढेवेढे घेतले नाहीत. “आवाज किती येत हुता! सारखा घर्र घर्र. तुझा भाऊ चारचौघांत म्हणाला, दाजी, गाडीत चटणी वाटायला टाकलीय व्हय? समदी हसली.”

“पेडल घट्ट झालेलं तुम्हाला कळलं नव्हतं?”

“कळलं की. म्हणून तर मी गाडी न्यायची सोडलती!”

आपला शहाणपणा सांगावा तसं तो हे बोलला. बोलून झाल्यावर ते त्याच्याच कानांवर पडलं असावं, कारण त्यानं दाराकडे पाहिलं. दारात लेक उभी होती.

मी भांडले नाही. भांडायला समोरचा माणूस ओळखीचा लागतो.

गाडी उद्यमनगरातल्या गॅरेजला लावली; तो आणि लेकही बरोबर आले होते. पंप चांगलाच होता. नळीला चीर पडून हवा शिरत होती, म्हणून प्लग काढण्याआधी तो बिचारा न थांबता धावत होता. नवी नळी बसवली, प्लग जोडला. पंपानं थोडा वेळ घर्र केलं आणि तो आपोआप शांत झाला. मी पेडल दाबून पाहिलं. लोण्यासारखं खाली गेलं.

“झालं की मग!” नवरा म्हणाला. त्याचा चेहरा इतका मोकळा झाला होता की मला त्याचं नवल वाटलं. त्यानं किल्ली घेतली, चालकाच्या सीटवर बसला आणि आमच्यासाठी आतून दार उघडलं. “चला, बसा दोघी. आता कसली भीती न्हाई.”

लेकीनं माझ्याकडे पाहिलं. मी तिचा हात धरला आणि रस्त्यावरच्या रिक्षाला हात केला.