मसाल्याच्या डब्यामागची पुडी

शेजारचे काका भाजीसाठी बाजारात पाऊल टाकत नाहीत. सगळं त्यांच्या गच्चीवर, फुटक्या बादल्यांत पिकतं. आपल्याशी बोलताना ते आपल्याकडे नाही, आपल्या कुंड्यांकडे बघतात.

दर साली सगळ्यांत देखणा दुधी ते खात नाहीत. वेलीवरच वाळवतात आणि पाच-पाच बियांच्या पुड्या गल्लीभर वाटतात. "लाव हं, बेटा," म्हणून मलाही दिली. मी ती मसाल्याच्या डब्यामागे टाकली आणि विसरले.

यंदा माकडांची टोळी आली. एका दुपारीत गल्लीतल्या सगळ्या गच्च्या साफ झाल्या. काकांचा बियाण्याचा दुधीही गेला. संध्याकाळी ते दारात उभे.

"पुडी आहे?"

मी मान खाली घालून ती काढली. "लावायची राहिलीच हो, काका."

त्यांनी पुडी कानाशी हलवली आणि चेहरा उजळला. "फार अच्छा झालं! सगळ्यांनीच लावलं असतं, तर आज बी कुठून आलं असतं? वाटताना दोन-चार आळशी घरं मी धरूनच असतो."

तीन बिया खिशात घालून उरलेल्या दोन त्यांनी माझ्या हातावर ठेवल्या.

"ह्या मात्र लावू नकोस, बेटा."