बिनमिठाचं पथ्य

इथे हिंदी मुलखात, फ्रीगंजमधल्या ज्या काकांकडे मी स्वयंपाक करते, त्यांनी मिठाच्या डब्याला कुलूप लावलंय आणि किल्ली जानव्याला बांधलीय. रोज सकाळी ते दूधवाल्यावर अर्धा तास ओरडतात, "पानी मिलाता है, शरम नहीं आती?" मग तशाच लालबुंद चेहऱ्याने बीपीचं मशीन लावतात. आकडा चढला की नजर माझ्याकडे. एवढा शिकलेला माणूस, पथ्य सगळ्याचं करतो, फक्त तोंडाचं नाही.

परवा म्हणाले, "तुझ्या खोलीतून पुडीत मीठ आणतेस ना? उद्या बीपी वाढलं तर दुसरी बाई बघीन."

माझी शाळा सातवीतच सुटली. परभणीहून इतक्या लांब आले, तेव्हा काकूंनी कामाबरोबर मागची खोलीही दिली. ती गेली तर राहू कुठे? पदराने डोळे पुसत पुढची पोळी लाटायला घेतली.

काकू हळूच म्हणाल्या, "रडू नकोस गं. उद्या दूध मीच मागच्या दाराने घेते."

दुसऱ्या दिवशी काकांना ओरडायला कुणी मिळालं नाही. आकडा उतरला. शेजाऱ्यांना बोलावून मशीन दाखवत म्हणाले, "देखा? एक बार डाँटा, हिची मिठाची चोरी बंद."

मी काकूंकडे पाहिलं आणि म्हटलं, "चुकलं काका."