पुढच्यासाठी मऊ माती

आमच्या चर्चच्या दफनभूमीत जागा कमी आहे, त्यामुळे कबर कुणालाच कायमची मिळत नाही. काही वर्षांनी तीच जागा पुन्हा खणतात, जुन्या अस्थी कोपऱ्यातल्या हौदात ठेवतात आणि तिथं दुसऱ्याला निजवतात.

मृतांचा दिवस जवळ आला म्हणून परवा मी वडिलांच्या कबरीवरचं गवत काढत होतो. शेजारी फिलूमावशी नवऱ्याच्या कबरीवर झेंडूची रोपं लावत होती. मी पिशवीतून गुलाबाचं रोप काढलं आणि म्हटलं, "मावशी, तूही गुलाबच लाव की. दरवर्षी लावायला नको."

"गुलाबाची मुळं खोल जातात रे. पुढच्याला खणताना आडवी येतील."

"पुढचा कोण?"

"मी असेन, नाहीतर तू. कुणीही असो, माती मऊ मिळू दे त्याला."

दर रविवारी आम्ही सगळे एका सुरात म्हणतो, सार्वकालिक जीवनावर माझा विश्वास आहे. मग घरी येऊन मी शेजाऱ्याचं कुंपण माझ्या हद्दीत सरकलं का ते बघतो. मावशीला मात्र पुढचं घर इतकं पक्कं ठाऊक असावं की इथली जागा ती आत्ताच झाडूनपुसून दुसऱ्याला देऊ शकते.

गुलाब मी परत आणला. अंगणात कुंपणालगत खड्डा घेऊ लागलो, तर वीतभर खाली कुदळ अडली. माझ्या आधी इथं राहून गेलेल्या कुणाच्या तरी झाडाची मुळं आडवी आली होती.