गप्प राहिलेली गोळी

माझी पहिली पोस्टिंग बर्फात झाली, दुसरी वाळूत आणि तिसरी वेपन ट्रेनिंग सेलमध्ये. पहिल्या दोन्हींबद्दल गावातले लोक आदबीनं विचारतात. तिसरीबद्दल कुणी विचारत नाही, आणि मला तर तिच्याबद्दलच बोलायचं असतं. खरं सांगतो, तिथं मी मजा केली. सरकारी पगारात, सरकारी गोळ्यांवर, अगदी मनसोक्त.

आमच्या कोतमध्ये, म्हणजे शस्त्रं ठेवायच्या खोलीत, एक जुनं चारशे पंचावन्न बोअरचं रिव्हॉल्व्हर होतं. इंग्रजांच्या वेळचं. नळीचं तोंड एवढं मोठं, की करंगळी सहज आत जावी. लढाईत त्याचा आता काही उपयोग नव्हता. शिकणाऱ्यांना दाखवायला आणि वर्षातून थोडं फायर करायला ते ठेवलेलं. पण एकदा हातात घेतलं की खाली ठेवू वाटायचं नाही. रायफल हे काम आहे. मशीनगन हे तर मजुरीचंच काम आहे. हे रिव्हॉल्व्हर म्हणजे सुट्टी होती राव.

पहिली गोष्ट त्याचं वजन. हात आपोआप शांत होतो. मग चाप ओढायचा, सावकाश. सहा गोळ्यांची चकरी अंगठ्याखाली फिरताना कळते. आणि मग बार. पिस्तुलासारखा तडतडाट नाही, पोटात घुमणारा दणका. नळी वर उचलते, मनगट, कोपर, खांदा सगळ्यांना हलवून सोडते आणि पुन्हा खाली येऊन बसते. समोरच्या कागदावर पडलेलं भोक जागेवरूनच दिसतं. सहा झाल्या की रिव्हॉल्व्हर मधून मोडायचं, सहाही रिकाम्या पुंगळ्या टपाटप हातात. गरम गरम. मी पोराबाळांचा बाप झालेला माणूस, पण त्या पुंगळ्या हातात पडल्या की यात्रेतल्या पोरासारखा हसायचो.

हे वेड मला लावलं हवालदार भिवानं. तो माझ्याच भरतीचा. मी राजुरीच्या शेतकऱ्याचा मुलगा, तो ओतूरच्या वरच्या अंगाच्या वाडीतला, मेंढरांमागं वाढलेला. लहानपणी त्यांचा कळप आमच्या रानात बसायला यायचा, असं आम्हाला फौजेत गेल्यावर कळलं. सेलमध्ये तो उस्ताद, म्हणजे शिकवणारा, होता आणि मी त्याच्या हाताखाली. ड्युटीवर मी त्याला उस्ताद म्हणायचो, चहाला बसलो की भिवा.

माणूस बारीक, आवाज मोठा, आणि खोड्या काढण्यात कुणाला ऐकायचा नाही. एकदा त्यानं मला रिव्हॉल्व्हर भरून दिलं. मी थाटात उभा राहिलो, नेम धरला, चाप ओढला. नुसतं खट्ट. आणि माझी नळी हातभर खाली गेली. मागं सगळी लाइन खो खो हसत सुटली. भिवानं पाच खऱ्या गोळ्यांत एक डमी, म्हणजे दारू नसलेली खोटी गोळी, घातली होती.

"अरे दत्तू, गोळी नव्हतीच," भिवा म्हणाला, "मग दणका कुणी दिला तुला?"

दणका बसणार या भीतीनं मी आधीच हात दाबत होतो. ती खोड काढायला हा उपाय. पण भिवाचं एवढ्यावर भागायचं नाही.

"आता सांग. खट्ट झालं, बार झाला न्हाई. काय करशील?"

"परत दाबीन."

"मग गेलास कामातनं."

त्याचं म्हणणं सरळ होतं. रिव्हॉल्व्हरचा चाप पुन्हा ओढला की चकरी फिरते. न उडालेली गोळी नळीपुढून बाजूला सरकते. ती खरंच मेलेली असेल तर ठीक. पण कधीकधी जुनी गोळी उशिरा पेट घेते. फौजेत त्याला हँग फायर म्हणतात. नळी समोर नसताना ती फुटली, तर हात जाईल का डोळा, काही नेम नाही. म्हणून खट्ट झालं की चाप सोडायचा, नळी टार्गेटवरच ठेवायची आणि थांबायचं. बस.

"हे सगळ्यांना सांगतात," मी म्हणालो.

"सांगत्यात. पन थांबतं कोन? हाताला घाई असती," भिवा म्हणाला. "आमी रानात मेंढरं बसवायचो ना, तवा राती ती खोकायची, कान फडकवायची, कायतरी आवाज चालूच. तवर खुशाल निजायचं. समदी एकदम गप झाली, की समजायचं बिबट्या आलाय. मग बा नुसता हात वर करायचा. आमी जागच्या जागी. गोळी गप बसली की तुजा हात बी तसाच बसला पायजे. डोक्याला इचारत बसायचं न्हाई."

त्या पोस्टिंगमध्ये आम्ही शेकडो वेळा डमीवर थांबायला शिकलो आणि शिकवलं. हँग फायर एकदाही झाला नाही. मला कधीकधी वाटायचं, भिवा उगाच आमचा वेळ खातोय.

त्यानंतरच्या पोस्टिंगवर, काश्मीरमध्ये, भिवा गेला. ते पुढं सांगतो.

पेन्शन घेऊन मी राजुरीला आलो. टोमॅटो लावले, ऊस लावला, आणि सहा महिन्यांत कंटाळलो. मग जुन्नर-आंबेगावच्या आम्ही काही माजी सैनिकांनी मिळून एका बंद पडलेल्या दगडखाणीत छोटी रेंज उभी केली. परवानग्या काढताना चपला झिजल्या, पण झालं. तिन्ही बाजूंनी कातळ, समोर मातीचा उंच बांध. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या मोठ्या अँटेना तिथून पांढऱ्या दिसतात. त्यांना अडचण नको म्हणून आमच्याकडं वॉकीटॉकी बंद. शिट्टी, लाल झेंडा आणि माझा गळा, एवढ्यावर रेंज चालते. मंचर, घोडेगावपासून मुलं-मुली येतात. क्लबच्या नावावर एक मोठं रिव्हॉल्व्हरही आहे, भिवाच्या रिव्हॉल्व्हरचं भावंडच. ते वर्षातून एकदा, भिवा गेला त्या दिवशी काढतो. त्या दिवशी सगळ्यांनी त्यातून सहा-सहा राउंड मारायचे.

भिवाची मुलगी मुक्ता माझ्याकडं शिकते. बाप गेला तेव्हा ती रांगत होती. आता ओतूरला एका दुकानात काम करते आणि संध्याकाळी स्कूटीवर रेंजवर येते. छोट्या पिस्तुलात तिचा हात असा बसलाय, की पुण्याच्या निवड चाचणीला तिचं नाव लागलं. पण तिच्या आईला, हिराबाई वहिनींना, बंदुकीचं नाव काढलेलं चालत नव्हतं. आजवर एकदाही त्या रेंजवर आल्या नव्हत्या. आणि मुक्तानं मला स्पष्ट सांगितलं होतं, "काका, आई नाय म्हणली तर मी जाणार नाय. तिला दुखवून नाय जायचं मला."

भिवाच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी वहिनींचा फोन आला.

"भावजी, उद्या मी येती. बघती एकदा. मला नाय पटलं तर पोरगी पुन्याला जायाची न्हाई. मग तुमी मधी बोलायचं न्हाई."

"नाही बोलणार."

"शब्द?"

"शब्द."

फोन ठेवला आणि रिव्हॉल्व्हर पुसत बसलो. माझी बायको म्हणाली, "अहो, किती वेळ पुसताय, झिजंल ते." मला त्या संध्याकाळी दुसरं काही सुचत नव्हतं.

सकाळी थंडी मजबूत होती. वहिनी डोक्यावरून पदर घेऊन आल्या आणि मागच्या बाकावर टोकाला बसल्या. मी त्यांना कानाला लावायचे मफ दिले. पहिले दोन-तीन जण मारून गेले. प्रत्येक बाराला वहिनींचे खांदे वर व्हायचे. मी बघितलं आणि मनात म्हणालो, संपलं, काही खरं नाही आता.

मग मुक्ता. एक नंबरची लेन त्या दिवशी तिलाच असते.

"लोड," मी म्हणालो.

मी हातात दिलेल्या सहा गोळ्या तिनं भरल्या. डमी नव्हती. आईसमोर तिची फजिती नको, म्हणून त्या दिवशी मी मुद्दाम घातली नव्हती. हे मला ठाऊक होतं, तिला नाही.

"शूटर रेडी?"

"रेडी."

शिट्टी वाजवली. पहिला बार. कागदात मधोमध भोक. दुसरा, त्याला चिकटून. पोरगी मजेत होती. तिच्या गालावर तिच्या बापाचं हसू होतं. चाप ओढण्याची तिला एक लय सापडली होती आणि मोठ्या रिव्हॉल्व्हरवर ती लय सापडली की थांबवत नाही. तिसरा बार.

चौथ्याला खट्ट.

मी ओरडायला तोंड उघडलं, पण आवाजाला वेळ लागतो, बोटाला लागत नाही. मी तिच्या बोटाकडं बघत होतो.

बोट चापावरून सुटलं होतं. नळी टार्गेटवर. मुक्ता दगडासारखी उभी. पापणीसुद्धा हलली नाही. तिला वाटलं असणार, काकांनी नेहमीसारखी डमी घातली. मागं कुणीतरी हसायला सुरुवात केली.

आणि गोळी उडाली.

चाप न ओढता. रिव्हॉल्व्हर तिच्या हातात उसळलं. समोरच्या कागदाच्या कडेला भोक पडलं, बांधाची माती उडाली. हसणारा गप्प झाला. मी शिट्टी फुंकली, लाल झेंडा वर केला.

"नळी समोर. अजून थांब."

"थांबले काका."

पुरेसा वेळ जाऊ दिला. मग तिच्याकडून रिव्हॉल्व्हर घेतलं, मोडलं, रिकामं केलं. उरलेल्या दोन गोळ्या बाजूला काढल्या. त्या खेपेच्या सगळ्या गोळ्या बंद, असं तिथंच जाहीर केलं.

वळलो तर वहिनी माझ्यामागं उभ्या. मी शब्द दिला होता.

"भावजी," त्या म्हणाल्या, "तिनं परत दाबलं असतं तर?"

खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "हात गेला असता, वहिनी. कदाचित डोळाही."

"मग ती थांबली कशी?"

"भिवानं शिकवलं."

"ते गेले तवा ही रांगत व्हती."

"मला त्यानं शिकवलं. मी हिला. रोज डमी घालून, कंटाळा येईपर्यंत."

"लई कंटाळा आला व्हता," मुक्ता म्हणाली.

वहिनी बांधाकडं वळल्या. मग म्हणाल्या, "ते कसे गेले, ते मी कदी इचारलं न्हाई. तुमी सांगायला आलावता तवा कान झाकून घेतलेले. आता सांगा."

मी सांगितलं, जेवढं होतं तेवढं. सर्च ऑपरेशन होतं. भिवा पुढं, मी त्याच्यामागं, माझ्यामागं तिघं. एका घरापाशी आलो. मघापर्यंत कोंबड्यांचा आवाज होता, तो एकदम बंद झाला. भिवानं हात वर केला. आम्ही चौघं जागच्या जागी थांबलो. आतून फायर आलं ते त्याच्यावर. आणखी दोन पावलं टाकली असती तर आम्ही चौघंही उघड्यावर होतो. आम्ही चौघंही आज आपापल्या घरी आहोत.

"हात वर केला? असा?" वहिनींनी उजवा हात खांद्याच्या वर नेला. तळवा उघडा, बोटं जुळलेली.

"असाच."

"सुट्टीवर आले आन मेंढरं गप झाली, की असाच करायचे," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत. मग मुक्ताच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "पुन्याला कदी जायाचं हाय? आदल्या दिशी सांगा. भाकरी बांधून देती. आन मी बी येनार."

मुक्तानं आईला कंबरेतून उचललं आणि गोल फिरवलं. "आगं सोड, येडे! लोकं बघत्यात!" वहिनी ओरडल्या.

फौजेत रेंज संपली की प्रत्येकानं मोठ्यानं सांगायचं असतं की आपल्यापाशी जिवंत गोळी किंवा रिकामी पुंगळी उरलेली नाही. खिशात विसरलेली एक गोळी घरी गेली तर अनर्थ होतो, म्हणून ही रीत. आमच्या रेंजवरही ती पाळतो, तीही फौजेच्याच हिंदीत. सगळे ओळीत उभे राहिले. मुक्ता पहिली.

"श्रीमान, मेरे पास कोई जिंदा राउंड या खाली खोखा नहीं है."

वहिनींनी हळूच विचारलं, "भावजी, त्या चवथ्या गोळीची पुंगळी मी घरी नेऊ?"

"नाही वहिनी. जमा करावी लागते."

"त्यांचं बी असंच. कदी एक पुंगळी घरी आनली न्हाई," त्या म्हणाल्या आणि रडता रडता हसल्या.

ओळ संपली. भिवाच्या दिवशी शेवटचं नाव त्याचं घेतो आणि त्याच्या वतीनं उत्तर मी देतो. आजवर दर वर्षी मीच दिलं.

"हवालदार भिवा, लेन एक," मी हाक दिली.

मी तोंड उघडायच्या आत वहिनी एक पाऊल पुढं आल्या. पदर सावरला, ताठ उभ्या राहिल्या.

"त्यांच्यापाशी काय न्हाई, सायेब," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "व्हतं ते समदं हितंच देऊन गेल्यात."

खाणीत आवाज घुमला. मी लाल झेंडा उतरवला आणि म्हणालो, "रेंज क्लियर."